समोरच्या पार्टीच्या माणसाला मतदानाला उठवावं का?

13 मे 2024, सोमवार. अखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन तीनच दिवस झाले होते, झाडांवरचे झोके अजून सोडलेले नव्हते. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात लोकसभेचं मतदान चालू होतं आणि दुपारी साडेतीनच्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. केंद्रापासून दोनशे मीटर सोडून, निंबाखाली, आमच्या पक्षाचं टेबल. एक टेबल, दोन खुर्च्या, वर कापडाचा आडोसा. माझ्या हातात मतदार यादी आणि पेन्सिल.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना ती यादी डोळे मिटूनही दिसेल. बाकीच्यांसाठी सांगतो. प्रत्येक नावापुढे आधीच खूण केलेली असते. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, गोल म्हणजे काठावरचा. सकाळपासून जो मत टाकून जाईल त्याच्या नावावर रेघ मारायची. दुपारनंतर रेघ न पडलेले जेवढे ‘बरोबर’ उरतील, त्यांच्या दारी पोरं पाठवायची. फुल्यांकडे कोणी बघत नाही. फुली झोपली असेल तर झोपू द्यायची, हा बूथवरचा पहिला धडा.

टेबलापासून चार घरं सोडून एक जिभाऊ ओट्यावर बसले होते. वय सत्तरीच्या पुढे. आमच्याकडे जिभाऊ म्हणजे थोरला भाऊ, आणि सख्खा नसला तरी मानानं तेच म्हणतात. त्यांच्या नावापुढे ठळक फुली. माझ्या कळत्या वयापासून ते समोरच्या पार्टीचे. सकाळी ते केंद्रावर जाऊन आले होते आणि यादीत नाव नाही म्हणून परत फिरले होते. त्यांच्या पक्षाचं टेबल जेवायला उठलं ते परत मांडलंच गेलं नाही. नाव कुठे गेलंय ते मला माहीत होतं. त्यांच्या घरातली तीन नावं यादीच्या दुसऱ्या भागात गेली होती, म्हणजे त्याच जिल्हा परिषद शाळेच्या दुसऱ्या खोलीत. ती पानं माझ्यापुढेच होती.

मी सांगितलं, पण लगेच नाही. वीसेक मिनिटं पेन्सिल फिरवत बसलो. त्या वीस मिनिटांत डोक्यात जे आलं गेलं, आणि नंतर कायदा आणि आकडे वाचून जे पक्कं झालं, ते इथं मांडतो. निवडणूक जिल्हा परिषदेची असो की लोकसभेची, ही वेळ प्रत्येक कार्यकर्त्यावर, प्रत्येक शेजाऱ्यावर, आणि नवरा एका बाजूचा नि बायको दुसऱ्या बाजूची अशा घरातही येतेच.

आधी एक घोळ सोडवू. विरोधकाला मतदानापासून अडवणं, त्याच्या बाबतीत गप्प बसणं आणि त्याला उठवणं, या तीन गोष्टी आपण एकात एक मिसळतो. पहिली गुन्हा आहे. दुसरीला कायद्याची आडकाठी नाही. तिसरीची सक्ती नाही. खरा प्रश्न दुसरी आणि तिसरी यांच्यामधला आहे; पण पहिलीबद्दल लोकांचे इतके गैरसमज आहेत की तिथून सुरुवात करावी लागते.

घरी बसवायचे पैसे

मत विकत घेणाऱ्याची एक मोठी अडचण असते. पैसे दिले, पण समोरच्यानं बटण कोणतं दाबलं ते त्याला बघता येत नाही. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, तीही फक्त मतदाराला, आणि मग पेटीत पडते. गुप्त मतदानाची सगळी ताकद यात आहे: पैसे घेणारा मनात येईल तिथं मत टाकू शकतो आणि देणारा काही करू शकत नाही.

आता हेच उलटं करून बघा. ‘आम्हाला मत दे’ म्हणून पैसे देण्याऐवजी ‘तू जाऊच नको’ म्हणून दिले तर? मग पडताळणी सोपी. संध्याकाळी डाव्या हाताची तर्जनी बघायची. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात 1962 पासून बनणारी ती शाई, त्यातलं सिल्व्हर नायट्रेट, उन्हात काळं पडतं आणि कित्येक दिवस निघत नाही. दुबार मतदान रोखायला आणलेली शाई. पण मत कोणाला दिलं हे लपवणारी आपली पद्धत, मत दिलं की नाही हे मात्र लपवू शकत नाही. म्हणून विरोधकाला घरी बसवणं हे मत विकत घेण्यापेक्षा खात्रीचं ठरतं. पैशानंच बसवतात असं नाही. त्याच दिवशी देवदर्शनाला फुकट गाडी निघते, लांबच्या मळ्यात केळीची कटाई निघते, आदल्या रात्री दारू निघते.

कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 मध्ये लाचेची व्याख्या करताना ‘मत द्यायला’ आणि ‘मत द्यायचं टाळायला’ हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेत. उमेदवाराच्या संमतीनं असं घडल्याचं सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 मध्येही मतदानाचा हक्क बजावण्यासाठी दिलेली लाच गुन्हा आहे, आणि मत न देणं हेही तो हक्क बजावण्यातच धरलंय. 1951 च्याच कायद्याचं कलम 130 तर सगळ्यांनी वाचावं असं आहे. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे हे पोरासोरांना ठाऊक असतं. पण त्याच बंदीत ‘कोणाला मतदानच करू नको म्हणून पटवणं’ हेही येतं, हे मी बूथवर बसणाऱ्या कितीतरी जणांना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटलं नाही. मतदानाच्या दिवशी मजुराला भरपगारी सुट्टी द्यायची हे त्याच कायद्याचं कलम 135 ब सांगतं, आणि रोजंदारीवाला त्यात येतो. मुकादमानं फुलीवाल्यांना मुद्दाम त्याच दिवशी कामाला जुंपलं तर ते नुसतं राजकारण राहत नाही.

अडवण्याची अजून एक शांत रीत आहे, मतदानाच्या कितीतरी आधीची. फॉर्म 7. यादीतलं नाव वगळायला हरकत घेण्याचा हा अर्ज. मेलेल्या माणसाचं, कायमचं गाव सोडलेल्याचं नाव काढायला तो हवाच. पण विरोधकाची जिवंत, गावात राहणारी नावं उडवायला तो खोटा भरला तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्या गावात हे झालंय तिथले लोक ती निवडणूक विसरले तरी ते अर्ज विसरत नाहीत.

फिटाफिट

घरी बसण्याचा दुसरा प्रकार पैशाशिवायचा, दोस्तीतला. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं आणि शेतात कापूस फुटलेला. आमच्या शिवारात बांधाला बांध असलेले दोघं, एक या पार्टीचा, दुसरा त्या. सकाळी विहिरीवर ठरलं.

“तुन्हं मत, मन्हं मत, फिटाफिट! मंग जावानं कसाले?”

दोघांनी मिळून दिवसभर वेचणी करायची, कोणीच जायचं नाही, हिशेब बरोबर. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. बरं, यात फसवणूकही नाही, दोघांची राजीखुशी आहे. ब्रिटनच्या संसदेत दोन विरुद्ध पक्षांचे सदस्य असं ठरवून दोघंही गैरहजर राहतात, ती तिथली जुनी रीत आहे. मग इथं बिघडलं कुठं?

पहिलं बिघडलं ते गणितात. फिटाफिट तेव्हाच होते जेव्हा मैदानात दोनच उमेदवार असतात. तिसरा आला की दोघांनी घरी राहून आपापल्या उमेदवाराला तिसऱ्याच्या तुलनेत एकेका मतानं मागे टाकलेलं असतं. आमच्याकडे विधानसभेला दोनच उमेदवार कधी असतात? बंडखोर, अपक्ष धरून यंत्रावर डझनभर नावं दिसतात. ग्रामपंचायतीत तर एकच माणूस सरपंचाला एक आणि आपल्या प्रभागातल्या सदस्यांना दोन किंवा तीन मतं देतो. जिल्हा परिषदेला गटाचं एक, पंचायत समितीला गणाचं एक. जे दोघं आमदारकीला विरुद्ध आहेत ते प्रभागात एकाच भाऊबंदाला मत देणारे असू शकतात. आमच्या गावात तसे कितीतरी आहेत. त्यांनी फिटाफिट केली तर दोघांनाही हवं असलेलं मत पाण्यात जातं.

दुसरं बिघडतं ते फॉर्म 20 मध्ये. निकाल लागला की कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली याचा तक्ता निघतो, तो हा फॉर्म. निवडून आलेला आणि पडलेला दोघंही तो बोट ठेवून वाचतात. ज्या केंद्रावर मतदानच कमी, तिथल्या लोकांची कोणाला धास्ती नाही आणि कोणाला आशाही नाही. गटाराचं काम, पाइपलाइन, शाळेची खोली मागायला त्या गल्लीतली माणसं गेली की समोरच्याच्या डोक्यात तो तक्ता असतो. शंभर जोड्यांनी फिटाफिट केली तर निकाल कदाचित तोच राहील, पण गल्लीची दोनशे मतं नाहीशी होतात. पुढची पाच वर्षं त्या गल्लीत ‘बरोबर’ आणि ‘फुली’ एकाच चिखलातून चालतात.

आणि तिसरं, जे त्या दोघांचं झालं. साडेपाचला एकाची बायको शेतात आली, तिच्या बोटाला शाई. तिनं नवऱ्याला विचारलं, तुम्ही अजून गेला नाही? त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि सहाच्या आत मत टाकून आला. दुसऱ्यानं रात्री त्याचं बोट बघितलं. त्यांचा बांध चार महिने अबोल होता. मला त्या चार महिन्यांचं वाईट वाटलं, पण तो मत द्यायला गेल्याचं वाईट वाटलं नाही. मत हे देवाणघेवाणीत गहाण टाकायची वस्तू नाही, त्यानं ती सोडवली एवढंच.

आता अवघड भाग

इथपर्यंत ऐकून कार्यकर्ता म्हणेल, ठीक आहे, अडवत नाही, पटवत नाही, पैसे देत नाही. पण मी उठवू का त्यांना? मी जीव तोडून सहा महिने काम केलं ते आमचा माणूस यावा म्हणून. मला मनापासून वाटतं की त्यांचा माणूस आला तर शेतकऱ्याचं नुकसान आहे. मग त्यांचं एक मत माझ्याच हातानं वाढवायचं?

हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. त्या वीस मिनिटांत माझ्याही मनात हाच होता. ‘एका मतानं काय होतं’ असं म्हणून त्याला उडवून लावणं खोटेपणाचं होईल, कारण एका मतानं होतं. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात 2008 साली निकाल 62,216 विरुद्ध 62,215 असा लागला. आपल्या दाराशी बघायचं तर 2024 च्या लोकसभेत धुळ्याचा निकाल 3,831 मतांनी लागला, आणि त्याच धुळे लोकसभेत मोडणाऱ्या मालेगाव मध्य विधानसभेचा त्याच वर्षी फक्त 162 मतांनी. ग्रामपंचायतीत समसमान मतं पडून चिठ्ठी टाकावी लागते, लहान मुलाच्या हातानं चिठ्ठी काढतात आणि एका बाजूचे लोक मान खाली घालून घरी जातात. हे ज्यानं पाहिलंय त्याला एका मताची किंमत शिकवायला नको. मोह होतो तोही नेमका अटीतटीच्या वेळी. वीस हजारांनी जिंकणार असू तेव्हा विरोधकाला उठवायला कोणाचं काय जातं?

तरीही माझं उत्तर ‘उठवावं’ असंच आहे. का, ते सांगतो.

माझ्या उमेदवाराच्या बाजूनं मी काय काय करू शकतो? जिभाऊंच्या ओट्यावर बसून वाद घालू शकतो, कापसाच्या भावाचे आकडे दाखवू शकतो, त्यांच्या उमेदवाराचं पाच वर्षांचं काम मोजून दाखवू शकतो. त्यांचं मत फिरवायचा मला पूर्ण हक्क आहे. पण ते फिरत नाही म्हणून ते मोजलंच जाऊ नये अशी इच्छा धरणं, हे वेगळं. तिथं मी त्यांच्या उमेदवाराच्या विरोधात राहिलो नाही, जिभाऊंच्याच विरोधात गेलो. आणि मला एवढी खात्री कशाची? गेल्या वीस वर्षांत ज्या ज्या माणसांसाठी मी उन्हात बसलो, ते सगळेच काही सोन्याचे निघाले नाहीत. दोनदा तर समोरच्या बाजूचं बरोबर होतं हे मला नंतर कळलं.

दुसरं कारण गावातलं. मतमोजणीनंतर आम्हाला इथंच राहायचंय. एकाच जिनिंगला कापूस नेतो, एकाच पाराखाली बसतो, मयताला एकमेकांच्या दारी जातो. हरलेली बाजू निकाल कधी पचवते? आपली सगळी माणसं जाऊन आली आणि तरी कमी पडलो, असं तिला म्हणता आलं तर. ‘आमची माणसं पोचलीच नाहीत, नावंच सापडली नाहीत’ असं राहिलं तर ती निवडणूक पाच वर्षं चालूच राहते. जिंकणाऱ्याच्या बाजूनं विचार केला तर हे जास्त महत्त्वाचं. फुल्या झोपल्या म्हणून आलेल्या विजयावर कारभार करताना रोज त्या झोपेची भीती असते.

आणि तिसरं तर साधं देणंघेणं. 2019 ला माझ्या आईचं नाव यादीत बापाच्या नावासकट चुकीचं छापलं होतं, केंद्रावर अडवलं. तेव्हा कोणत्या ओळखपत्रावर चालेल, केंद्राध्यक्षाला काय सांगायचं, हे समोरच्या पार्टीच्या एजंटानं सांगितलं होतं. ती कोणाला मत देणार हे त्याला चांगलं माहीत होतं.

याचा अर्थ असा नाही की मी त्यांच्या पक्षाचं काम करावं. माझ्याकडे दहा पोरं आहेत तर ती मी माझ्या बाजूच्या घरांकडे पाठवणार, त्यात लाज नाही. त्यांच्या मतदारांना शोधून काढणं हे त्यांच्या कार्यकर्त्याचं काम. पण जो माझ्या डोळ्यांसमोर बसलाय, ज्याची अडचण मला माहीत आहे आणि एका वाक्यात सुटणारी आहे, त्याच्या बाबतीत गप्प बसणं मला झेपलं नाही. आणि जो बूथवर पक्षाचा म्हणून बसलेलाच नाही त्याला तर ही सूटही नाही. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा सरकारी कर्मचारी), मास्तर, अंगणवाडीताई, सरपंच, मुकादम, दुकानमालक, यांनी यादीत खुणा करायच्याच नसतात. शेजारी म्हणून, सासू म्हणून, सोसायटीचा चेअरमन म्हणून आपण बोलतो तेव्हा सगळ्यांनाच बोलवायचं.

‘ज्याला कळत नाही त्यानं कशाला?’

शहरात हा एक वेगळाच सूर ऐकू येतो. विरोधकाला उठवू नका, कारण त्याला समजत नाही. जातीवर, पैशावर, नेत्याच्या भाषणावर मत देतो. जळगावात, धुळ्यात शिकलेल्या घरांत चहा पिताना मी हे ऐकलंय, आणि बहुतेक वेळा रोख सातपुड्यातल्या आदिवासींकडे असतो. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

13 मेच्या त्याच दिवशी, त्याच उन्हात, नंदुरबार लोकसभेत 70 टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि जळगाव लोकसभेत 60 टक्क्यांच्या आत. राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत क्रमांक एकवर याच नंदुरबारातला अक्कलकुवा आहे, आणि तिथं नर्मदेच्या काठावरच्या मणिबेलीसारख्या गावी मतदान कर्मचाऱ्यांना सरदार सरोवराच्या पाण्यातून जावं लागतं. धरणात जमीन गेलेल्या माणसाला सरकार म्हणजे काय हे कळत नाही, असं पंख्याखाली बसून म्हणणाऱ्यानं एकदा तिकडे जाऊन यावं. दिवाळीनंतर तिथली कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. नोव्हेंबरात मतदान असलं की त्यातली कितीतरी बोटं कोरी राहतात, आणि ती कोरी राहिली याचं कारण अज्ञान नसतं, पोट असतं.

ही भाषा जुनीही आहे. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. खानदेशातले शेतकरी तिथं जथ्यांनी गेले. दोनच महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या, आणि तिथं जमलेल्या बहुतेकांना त्यात मतच नव्हतं, कारण तेव्हा मत मिळायला जमिनीचा सारा, मालमत्ता किंवा शिक्षण लागायचं. ज्यांना समजतं त्यांनीच ठरवावं, हाच त्या अटींमागचा विचार. 1951-52 च्या निवडणुकीत त्या अटी गेल्या आणि 17 कोटींच्या वर मतदारांची यादी झाली. दारात उभं राहून आता परत ‘याला कळतं का’ विचारणं म्हणजे ती अट मागच्या दारानं आत घेणं.

एक फरक मात्र मानला पाहिजे. एखाद्या गावानं रस्ता नाही, पाणी नाही म्हणून मिळून बहिष्कार टाकला, तर ती त्यांची बोलण्याची रीत आहे. त्यांना उमेदवार पटत नसतील तर 2013 पासून नोटाचं, म्हणजे ‘यापैकी कोणीच नाही’चं, बटण आहे. राज्य निवडणूक आयोगानं 2018 च्या आदेशात महापालिका-नगरपालिकांसारख्या स्थानिक निवडणुकांसाठी त्याला जास्त वजन दिलं: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर तिथं फेरनिवडणूक. मी बहिष्कारवाल्यांना जाऊन नोटाबद्दल सांगेन, ओढत नेणार नाही. पण चार दांडग्यांनी ठरवलेला बहिष्कार आणि मग बाकीच्यांना घराबाहेर पडू न देणं, हे पहिल्या प्रकारात, म्हणजे अडवण्यात, जाऊन बसतं.

उठवायचं तर कसं, यावर एक अभ्यास मला फार शिकवून गेला. अमेरिकेत मिशिगन राज्यात 2006 च्या एका निवडणुकीआधी संशोधकांनी हजारो घरांना वेगवेगळी पत्रं पाठवली. ‘मतदान हे कर्तव्य आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्रानं मतदान जेमतेम दोन टक्क्यांनी हललं. ज्या पत्रात शेजाऱ्यांपैकी कोणी मागच्या वेळी मत दिलं, कोणी नाही, याची यादी होती, त्यानं ते आठ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ‘मतदार राजा, जागा हो’चे फलक लावून फार काही होत नाही, ओळखीच्या माणसाची नजर मात्र लागते. त्यातली लाज आणायची रीत मला आवडत नाही, चौकात नावं लावणं आमच्याकडे भांडणं लावेल. पण त्याच विषयावरचे दुसरे प्रयोग सांगतात की दारावर येऊन समोरासमोर बोललेलं फोनपेक्षा आणि कागदापेक्षा जास्त पोचतं. म्हणून तर विरोधकानं विरोधकाच्या दारात जाण्याला अर्थ आहे. आपल्या पार्टीचा माणूस बोलावतो तेव्हा तो मत मागतोय असं वाटतं. समोरच्या पार्टीचा बोलावतो तेव्हा माणूस दचकून उठतो.

सक्ती करावी का, असंही लोक विचारतात. ऑस्ट्रेलियात 1924 पासून आहे, मत न देणाऱ्याला छोटा दंड होतो आणि मतदान नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला, गुजरातेत, स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा झाला होता, 2015 मध्ये उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला दंड लावायचा विचार मला तरी सहन होत नाही.

खरं काम मतदानाच्या दिवशीचं नाहीच. वर्षातून चार तारखा असतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झालेल्या पोराला फॉर्म 6 भरता येतो. घर बदललं, लग्न होऊन सून आली, नाव चुकलं, तर फॉर्म 8. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं यादीत काही करता येत नाही, मग केंद्रावर कितीही आरडाओरडा करा. आमच्या गावात सर्वांत जास्त घोळ सुनांच्या नावांचा असतो: माहेरच्या यादीत नाव राहिलेलं, सासरच्या यादीत आलेलं नाही, आणि अखाजीला माहेरी गेलेली पोर मतदानाला सासरी परत यायला धडपडते. दुसरा घोळ सुरतेला कामाला गेलेल्यांचा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, इथं किंवा तिथं, आणि ते त्यांनी ठरवायचं. उमेदवारानं गाड्या भरून आणणं हा 1951 च्या कायद्याच्या कलम 123 मध्येच गैरप्रकार आहे. मी आता बीएलओबरोबर आमच्या गल्लीची यादी घरोघरी वाचतो, 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन करून अडलेलं विचारतो. तेव्हा हातात पेन्सिल नेत नाही.

त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. वीस मिनिटांनी मी उठून ओट्यापर्यंत गेलो.

“जिभाऊ, तुम्हनं नाव शाळानी दुसरी खोलीमा शे. घरना तिन्ही नावं तठेच शेतस.”

त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या टेबलाकडे पाहिलं. मग घरात हाक मारली. मी पक्षाचा माणूस म्हणून टेबलावर बसलेला, त्यामुळे त्यांना माझ्या गाडीवर बसवणं मला बरं वाटलं नाही. त्यांचा मुलगा त्यांना आणि सुनेला घेऊन गेला. सवाचारला परत आले. जिभाऊ आमच्या टेबलाच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, आमच्या माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, दुसऱ्या खोलीत गर्दी नाही, तुमची माणसं असतील तर आताच पाठव. मी यादी काढली आणि त्या तीन नावांवर रेघ मारली.